लॅव्हेंडर तेलात नेमकं काय असतं आणि ते खरंच अँटिऑक्सिडंट आहे का?

निशिगंध | ८ जून, रात्री ९:१२

लॅव्हेंडरच्या बाटलीवर, साबणावर, उशीवर मारायच्या फवाऱ्यावर हल्ली एक ओळ हमखास असते: 'नैसर्गिक अँटिऑक्सिडंटने परिपूर्ण'. इथल्या सौंदर्य विभागातही 'चेहऱ्याच्या तेलात लॅव्हेंडरचे थेंब घाला, अँटिऑक्सिडंट मिळतील' असा सल्ला बऱ्याचदा दिला जातो. मी सुगंधी द्रव्यांच्या प्रयोगशाळेत पृथक्करणाचं काम करते, त्यामुळे हे तेल जवळजवळ रोज हाताखालून जातं. माझ्या अत्यंत आवडत्या तेलांपैकी हे एक. म्हणूनच त्याच्या अंगी नसलेला गुण त्याला चिकटवलेला पाहिला की राहवत नाही. जरा सविस्तर लिहिते.

मुळात 'लॅव्हेंडर' या एकाच नावाखाली तीन तेलं विकली जातात. पहिलं खरं लॅव्हेंडर, म्हणजे लॅव्हेंड्युला अँगुस्टिफोलिया. दुसरं स्पाइक लॅव्हेंडर, लॅव्हेंड्युला लॅटिफोलिया. हे उग्र, औषधी वासाचं. तिसरं या दोघांचा संकर, लॅव्हँडिन. तिन्हींतला फरक नाकाला लगेच कळतो तो मुख्यतः दोन घटकांमुळे: आपला ओळखीचा कापूर आणि निलगिरीच्या तेलात भरपूर असणारं सिनिओल. फ्रेंच खऱ्या लॅव्हेंडरसाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं ३५१५ हे मानक आहे. त्यात कापूर अर्ध्या टक्क्याच्या आणि सिनिओल एका टक्क्याच्या वर चालत नाही. उलट स्पाइकसाठी युरोपीय फार्माकोपियाने, म्हणजे औषधी द्रव्यांचे दर्जे ठरवणाऱ्या ग्रंथाने, कापराची मर्यादाच ८ ते १६ टक्के ठेवली आहे आणि सिनिओलची १६ ते ३९. लॅव्हँडिन या दोघांच्या मधे कुठेतरी बसतं. त्याच्या 'ग्रोसो' या वाणात कापूर साधारण ६ ते ८ टक्के असतो.

खऱ्या लॅव्हेंडरच्या तेलात शंभराहून जास्त घटक सापडतात, पण त्यातले दोनच मिळून अर्ध्याहून अधिक जागा व्यापतात. एक लिनालूल, आयएसओप्रमाणे २५ ते ३८ टक्के. दुसरा लिनालिल अ‍ॅसिटेट, २५ ते ४५ टक्के. आमच्या जीसी यंत्रात, म्हणजे घटक वेगळे करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये, तेलाचा अगदी सूक्ष्म अंश सोडला की पडद्यावर शिखरांची रांग उमटू लागते. सुरुवातीला बुटकी शिखरं येतात: लिमोनीन, सिनिओल, ओसिमीनची सिस आणि ट्रान्स अशी जोडी. मग एकदम उंच सुळका, तो लिनालूल. पुढे सखल भाग, आणि तिथेच आमची नजर सगळ्यात जास्त रेंगाळते, कारण कापूर तिथे येतो. त्यानंतर टर्पिनेन-४-ऑल. मग दुसरा सुळका, लिनालिल अ‍ॅसिटेट, आणि त्याच्या मागोमाग लहानसं पण फार महत्त्वाचं शिखर, लॅव्हेंड्युलिल अ‍ॅसिटेट. शेवटी कॅरिओफायलीन आणि फार्नेसीन हे जड रेणू सावकाश उतरतात. सखल भागात कापराचं शिखर डोकं वर काढून उभं असेल तर बाटलीवर काहीही छापलेलं असो, आत लॅव्हँडिन मिसळलेलं आहे अशी शंका घ्यायची.

लिनालिल अ‍ॅसिटेट हा एस्टर आहे, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल जोडून बनलेला रेणू. लॅव्हेंडरच्या वासातली ती मऊ, फळासारखी गोडी त्याची. तो नाजूकही आहे. ऊर्ध्वपातन करताना फुलं उकळत्या पाण्यात फार वेळ राहिली तर तो फुटतो आणि लिनालूल अधिक अ‍ॅसेटिक आम्ल तयार होतं. म्हणून चांगले उत्पादक फुलं पाण्यात बुडवत नाहीत. खालून कोरडी वाफ सोडतात आणि वेळेवर थांबतात. एकाच शेतातल्या फुलांची दोन तेलं भट्टीवरच्या माणसाच्या हातामुळे वेगळी निघू शकतात, ती यामुळेच.

आता मूळ मुद्दा. अँटिऑक्सिडंट रेणूचं काम काय, तर मुक्त मूलकाला, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन घेऊन फिरणाऱ्या उपद्रवी फ्री रॅडिकलला, आपल्याजवळचा हायड्रोजन देऊन शांत करायचं आणि तो दिल्यावर स्वतः उपद्रव करायचा नाही. हे काम फिनॉल वर्गातले रेणू उत्तम करतात. ओव्यातलं थायमॉल आणि लवंगेतलं युजेनॉल ही घरातली उदाहरणं. त्यांचा ओएच गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, बेंझिनच्या म्हणजे सहा कार्बनच्या कड्याला थेट जोडलेला असतो, त्यामुळे हायड्रोजन गेला तरी मागे उरलेला एकटा इलेक्ट्रॉन कडंभर पसरतो आणि रेणू स्थिर राहतो. लिनालूलकडेही ओएच आहे, पण तो साध्या अल्कोहोलचा. तिथला हायड्रोजन इतक्या सहज सुटत नाही. लिनालिल अ‍ॅसिटेटमध्ये तर तो अ‍ॅसिटेटखाली झाकलेलाच असतो. तेलाचा सगळ्यात मोठा भाग असा बनलेला असताना ते जोरकस अँटिऑक्सिडंट असण्याची अपेक्षाच चुकीची आहे.

मग 'लॅव्हेंडरमध्ये अँटिऑक्सिडंट असतात' हे आलं कुठून? झाडात ते खरोखर असतात. लॅव्हेंडर हे तुळस, पुदिना, रोझमेरी यांच्या कुळातलं झाड आणि या कुळात रोझमॅरिनिक आम्लासारखे फिनॉल मुबलक. पण हे रेणू वाफेबरोबर उडत नाहीत. ऊर्ध्वपातनानंतर ते भांड्यातल्या चोथ्यात आणि पाण्यातच राहतात. म्हणजे पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये काढलेल्या लॅव्हेंडरच्या अर्काचा गुण वेगळा आणि वाफेवर काढलेल्या तेलाचा वेगळा. जाहिरातीत अर्कावरचे निष्कर्ष उचलून तेलाच्या बाटलीवर छापले जातात.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी. हे तेल स्वतःलाच ऑक्सिजनपासून वाचवू शकत नाही. २००८ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी दाखवलं की हवेला उघड्या राहिलेल्या लॅव्हेंडर तेलातले लिनालूल, लिनालिल अ‍ॅसिटेट आणि कॅरिओफायलीन हे घटक, एकेकटे शुद्ध ठेवल्यावर ज्या वेगाने ऑक्सिडाइझ होतात, त्याच वेगाने तेलातही होतात. तेलातल्या बाकीच्या शंभर घटकांनी त्यांना काहीही संरक्षण दिलं नाही. आणि तयार काय होतं, तर हायड्रोपेरॉक्साइड, ज्यांची त्वचेला अ‍ॅलर्जी येऊ शकते. जे तेल बाटलीत स्वतःला टिकवू शकत नाही ते आपल्या त्वचेला ऑक्सिजनपासून वाचवेल, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

प्रश्न असतील तर विचारा.

---

सायली०७ | ८ जून, रात्री १०:०५

निशिगंध, फार छान लिहिलं आहेस गं. दोन शंका. माझ्याकडे बाथरूमच्या खिडकीत एक बाटली आहे, अर्धी संपलेली, बरीच जुनी. पूर्वी वास गोड यायचा, आता जरा टर्पेंटाइनसारखा वाटतो. बाळाच्या मालिशच्या तेलात मी तिचे दोन थेंब घालते. बंद करू का? आणि झोप लागते म्हणतात तेही खोटंच आहे का?

---

निशिगंध | ८ जून, रात्री १०:३१

सायली, ती बाटली बाळासाठी आजपासून बंद कर. अर्धी रिकामी म्हणजे आत अर्धी हवा, खिडकीत म्हणजे ऊन आणि उष्णता, प्रत्येक वेळी झाकण उघडलं की ताजा ऑक्सिजन. ऑक्सिडेशनला जे जे लागतं ते सगळं तिथे जमलेलं आहे. वास बदलला ही खूणच. लक्षात ठेव, वास बदलायच्या आधीही हायड्रोपेरॉक्साइड वाढलेले असू शकतात, त्यामुळे 'वास चांगला येतोय' एवढ्यावर विसंबू नकोस. तान्ह्या बाळाला मालिशला साधं तेल पुरतं, सुगंधाची गरज त्याला नसते.

झोपेचं मात्र तसं नाही. मन शांत होण्याबाबत लॅव्हेंडरच्या बाजूने बऱ्यापैकी पुरावा आहे आणि त्याचा अँटिऑक्सिडंट असण्याशी संबंध नाही. जपानमधल्या कागोशिमा विद्यापीठाच्या २०१८ च्या प्रयोगात उंदरांना लिनालूलचा नुसता वास दिला तेव्हा त्यांची भीती कमी झाली. ज्या उंदरांची वास घेण्याची क्षमता नष्ट केली होती त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही. म्हणजे तिथे रस्ता नाकातून होता. जर्मनीत तर प्रमाणित लॅव्हेंडर तेलाची ८० मिलिग्रॅमची कॅप्सूल अस्वस्थतेवरचं औषध म्हणून मिळते. हे वाचून कुणी बाटलीतलं तेल पोटात घेऊ नका. ती औषध म्हणून तपासलेली, मोजून भरलेली कॅप्सूल असते.

---

संशोधनकट्टा | ९ जून, सकाळी ८:४०

धागा आवडला, पण एका बाबतीत मला थोडी भर घालावीशी वाटते. मी औषधनिर्माणशास्त्रात पीएचडी करतोय आणि वनस्पतिज तेलांवर डीपीपीएच चाचणी स्वतः करतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डीपीपीएच हे एक स्थिर मुक्त मूलक आहे. मेथनॉलमध्ये विरघळवलं की गडद जांभळं दिसतं. त्यात नमुना घालायचा, अर्धा तास अंधारात ठेवायचं आणि ५१७ नॅनोमीटरला शोषण मोजायचं. नमुन्याने हायड्रोजन दिला असेल तर जांभळा रंग उतरून पिवळा होतो. लवंगेचं तेल घातलं की डोळ्यांदेखत रंग उतरतो. लॅव्हेंडर घातल्यावर अर्ध्या तासाने नळी बाहेर काढली तरी जांभळी ती जांभळीच. रंग निम्मा उतरवायला क जीवनसत्त्व प्रति मिलिलिटर काही मायक्रोग्रॅम पुरतं, लॅव्हेंडर तेलाला मिलिग्रॅममध्ये मोजावं लागतं. तेव्हा निशिगंध यांच्याशी इथपर्यंत मी शंभर टक्के सहमत.

पण शोधनिबंध चाळले तर लॅव्हेंडर तेलाचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, कुठे अगदी क्षीण तर कुठे बरे. कारणं बरीच आहेत. वाण वेगळं, फुलं तोडण्याची वेळ वेगळी, कुणी तेल घेतलेलं तर कुणी अर्क. शिवाय चाचणीही एक नसते. डीपीपीएच, एबीटीएस, फ्रॅप, बीटा-कॅरोटीनचा रंग उडण्याची चाचणी, यातली प्रत्येक वेगळी गोष्ट मोजते. तेल पाण्यात विरघळत नाही हा आणखी एक घोळ. पाण्यातल्या चाचणीत ते नीट मिसळलंच नाही तर आकडा खाली येतो.

दुसरं म्हणजे नळीतली चाचणी आणि जिवंत पेशी यांत फरक आहे. रोमानियातल्या यासी शहरातल्या गटाने २०१३ मध्ये स्कोपोलामिन हे औषध देऊन स्मृती बिघडवलेल्या उंदरांना लॅव्हेंडर तेल हुंगवलं. त्यांच्या मेंदूत सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटलेज, ग्लुटाथायोन या शरीराच्या स्वतःच्या अँटिऑक्सिडंट द्रव्यांची पातळी सुधारली. म्हणजे तेल स्वतः मूलकं टिपत नसलं तरी शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्था जागी करत असेल. ही शक्यता सरसकट नाकारता येणार नाही असं मला वाटतं.

---

निशिगंध | ९ जून, दुपारी १:१५

संशोधनकट्टा, उत्तम मुद्दा, आणि यासीचं काम तुम्ही आणलंत हे फार बरं केलंत. माझी हरकत एवढीच: तो परिणाम तेल हुंगलेल्या उंदरांच्या मेंदूतला आहे. बाटलीवरची ओळ वाचणाऱ्याला मात्र असं वाटतं की दोन थेंब क्रीममध्ये घातले की क नाहीतर ई जीवनसत्त्व लावल्यासारखं होतं. उंदरावरून माणसावर आणि नाकावरून त्वचेवर अशा दोन उड्या एका दमात मारता येत नाहीत. पेशींच्या पातळीवर माणसांत काय होतं यावर जरूर काम व्हावं. तोवर लेबलवर तो शब्द नको.

चाचण्यांबद्दल तुमचं अगदी खरं. आणि ज्या निबंधात तेलाचं जीसी पृथक्करण दिलेलं नाही त्यातला अँटिऑक्सिडंटचा आकडा मी तरी धरतच नाही. कशाचा आकडा आहे हेच ठाऊक नसेल तर तो घेऊन करायचं काय?

---

धनेजिरे | ९ जून, दुपारी ३:५०

लिनालूल धन्यातही असतं असं कुठेतरी वाचलं होतं. मग धन्याचं तेल आणि लॅव्हेंडरचं तेल यांचा वास इतका वेगळा कसा?

---

निशिगंध | ९ जून, संध्याकाळी ७:२०

वा, हा प्रश्न कुणीतरी विचारावा अशी फार इच्छा होती!

धन्याच्या तेलात लिनालूल लॅव्हेंडरहूनही जास्त, साधारण दोन तृतीयांश किंवा त्याहून अधिक. पण लिनालूलचा रेणू दोन रूपांत असतो, उजव्या आणि डाव्या हातासारख्या: अणू तेच, जोडणी तीच, पण एक दुसऱ्याची आरशातली प्रतिमा. लॅव्हेंडरमध्ये जवळपास सगळं 'आर' रूप असतं, धन्यात मुख्यतः 'एस'. नाकातल्या ग्राहकांना हा फरक कळतो. शिवाय धन्यात लिनालिल अ‍ॅसिटेटची ती साथ नाही.

भेसळ पकडायला हीच गोष्ट उपयोगी पडते. कारखान्यात बनवलेल्या स्वस्त लिनालूलमध्ये दोन्ही रूपं निम्मी-निम्मी असतात. लॅव्हेंडर तेलात ते मिसळलं तर साध्या जीसीवर टक्केवारी अगदी मानकात बसते, कुठे संशयाला जागा नाही. पण दोन्ही रूपं वेगळी करणाऱ्या कायरल स्तंभातून तेच तेल सोडलं की 'एस'चं शिखर उभं राहतं आणि सगळं उघड होतं. जरा हुशार भेसळ करणारे कापराच्या झाडाच्या एका प्रकारापासून काढलेलं 'हो' तेल वापरतात, कारण त्यात 'आर' लिनालूलच असतं. तिथे कायरल चाचणीही पुरत नाही. मग लॅव्हेंड्युलॉल, लॅव्हेंड्युलिल अ‍ॅसिटेट, ओसिमीन असे बारीक घटक योग्य प्रमाणात आहेत का ते बघावं लागतं. दोन मोठे सुळके कुणीही विकत आणून उभे करतो, बुटकी शिखरं जुळवणं महाग पडतं.

---

मिस्त्राल | ९ जून, रात्री ११:३८

मी दक्षिण फ्रान्समध्ये राहते, वालँसोलचं पठार आमच्या घरापासून गाडीने थोड्याच अंतरावर आहे. तुम्ही सगळ्यांनी फोटोत पाहिलेल्या त्या क्षितिजापर्यंत जाणाऱ्या जांभळ्या रांगा बहुतेक करून लॅव्हँडिनच्या आहेत, खऱ्या लॅव्हेंडरच्या नव्हेत. लॅव्हँडिनचं झुडूप मोठं, गोल, एकसारखं वाढतं. ते वांझ असल्यामुळे बी धरत नाही, सगळी लागवड छाट कलमांनी, म्हणून प्रत्येक रोप पहिल्याची हुबेहूब नक्कल. तेलही कितीतरी जास्त देतं. खरं लॅव्हेंडर वर डोंगरात, साधारण ८०० मीटरच्या पुढे. तिथली झुडपं लहान, आणि बियांपासून वाढवलेल्या शेतात तर रंगही सारखा नसतो. एक फिकं, एक गडद. 'ओत-प्रोव्हान्सचं लॅव्हेंडर तेल' या नावाला १९८१ पासून भौगोलिक मानांकन आहे आणि ते फक्त बियांपासून वाढवलेल्या खऱ्या लॅव्हेंडरला मिळतं.

जुलैत इथल्या भट्ट्या सुरू होतात तेव्हा गाडीच्या काचा खाली करून जावं. कापलेली झुडपं ट्रॉलीत ठासून भरतात आणि खालून वाफ सोडतात. पण भट्टीपाशी येणारा वास बाटलीतल्यासारखा नसतो. ओल्या गवताचा, उकडलेल्या पाल्याचा वास असतो. इथले जुने लोक ताजं तेल लगेच विकायला काढत नाहीत, काही आठवडे बंद भांड्यात मुरू देतात, मग तो पाल्याचा वास जातो.

इथे शेतकऱ्यांचं एक मोठं दुखणं म्हणजे रोपं सुकवणारा फायटोप्लाझ्मा हा जिवाणूसारखा सूक्ष्मजीव. एक लहानसा तुडतुडा तो पसरवतो. उन्हाळे कोरडे आणि कडक होत चाललेत तसं ते वाढलंय. जगात सर्वांत जास्त खरं लॅव्हेंडर तेल काढण्यात बल्गेरियाने फ्रान्सला मागे टाकलं त्याला आता बरीच वर्षं झाली.

---

कृष्णाकाठ | १० जून, सकाळी ६:५५

रामराम मंडळी. आम्ही वाईकडचे. पाचगणीच्या वरच्या अंगाला आमची थोडी जमीन आहे. स्ट्रॉबेरीचा खर्च परवडेना झालाय. काश्मीरकडे लॅव्हेंडर करून शेतकऱ्यांचं भलं झालं असं टीव्हीवर दाखवतात. हवा आमच्याकडेही थंडच. करावं का? ताई, तेलाला दर काय मिळतो ते नंतर बघू, आधी पीक येईल का ते सांगा.

---

निशिगंध | १० जून, सकाळी ९:३०

दादा, शेतीतलं मला तुमच्याइतकं कळत नाही, पण या झाडाचा स्वभाव सांगते. त्याला थंडी चालते, बर्फही चालतो. चालत नाही ते साचलेलं पाणी आणि दमट हवा. भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या, चुनखडीच्या, खडकाळ डोंगरांवरचं हे झाड. उन्हाळा तिथे जवळजवळ बिनपावसाचा. महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यात चार महिने पाऊस, महाबळेश्वरला तर पाच हजार मिलिमीटरच्याही वर, आणि खाली जांभ्याची आम्लधर्मी माती. मुळं कुजायला दुसरं काही लागत नाही.

जम्मूच्या डोडा जिल्ह्यातलं भद्रवाह सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे, हिवाळा कडक, जमीन उताराची. तिथे सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेच्या जम्मूतल्या आयआयआयएम संस्थेने आरआरएल-१२ हे वाण दिलं, अरोमा मिशन या सुगंधी पिकांच्या योजनेतून रोपं आणि ऊर्ध्वपातनाची यंत्रं पुरवली, आणि मक्याऐवजी शेतकरी लॅव्हेंडरकडे वळले. २०२२ मध्ये तिथे पहिला लॅव्हेंडर महोत्सवही झाला. म्हणजे हवामान, वाण, यंत्र आणि खरेदीदार हे चारही तिथे जुळून आले. थंड हवा एवढी एकच गोष्ट पाहून मोठी लागवड करू नका. सुगंधी पिकांतच रस असेल तर आपल्याकडच्या हवेत गवती चहा, जावा सिट्रोनेला, पामारोसा ही पिकं कितीतरी सहज येतात; त्याबद्दल कृषी विद्यापीठात चौकशी करा.

---

रानफूल | १० जून, सकाळी १०:४८

कृष्णाकाठ, गंमत म्हणजे लॅव्हेंड्युलाच्या जाती आपल्या सह्याद्रीत मुळातच आहेत. पावसाळा ओसरला की खडकाळ उतारावर लॅव्हेंड्युला बायपिनाटा फुलते, पिसासारखी चिरलेली पानं आणि लांब दांड्यावर निळसर फुलं. लॅव्हेंड्युला गिब्सोनी तर पश्चिम घाटाबाहेर सापडत नाही. अर्थात त्यांचं तेल म्हणजे बाजारातलं लॅव्हेंडर तेल नव्हे. गिब्सोनी आधीच मोजक्या ठिकाणी उरलेली आहे, तेव्हा कृपया कुणी उपटून आणू नका. बघा, फोटो काढा, पुढे चला.

---

त्वचावैद्य | १० जून, रात्री ९:०२

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. निशिगंध यांनी हायड्रोपेरॉक्साइडचा मुद्दा मांडला त्याला दवाखान्यातली बाजू जोडतो. शुद्ध, ताज्या लिनालूलची अ‍ॅलर्जी क्वचितच दिसते. हवेने ऑक्सिडाइझ झालेल्या लिनालूलची मात्र दिसते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुदेशीय अभ्यासात त्वचादाहाच्या सुमारे २९०० रुग्णांवर ऑक्सिडाइझ झालेल्या लिनालूलची पॅच चाचणी (पाठीवर पट्टीखाली पदार्थ लावून अ‍ॅलर्जी तपासणं) केली, त्यात सुमारे ७ टक्के जणांना प्रतिक्रिया आली. हे लोक आधीच त्वचेची तक्रार घेऊन आलेले होते, त्यामुळे सामान्य जनतेला हाच आकडा लावू नये. पण दुर्लक्ष करण्याजोगाही नाही.

घोळ असा होतो की रुग्ण म्हणतात, 'डॉक्टर, मी फक्त नैसर्गिक वापरते.' आणि नेहमीच्या पॅच चाचणीत शुद्ध लिनालूल वापरलं तर काही निघत नाही. ऑक्सिडाइझ झालेलं वापरलं की पाठीवर लाल चट्टा उठतो. पुन्हा ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की आयुष्यभर राहते, आणि लिनालूल असंख्य साबणांत, परफ्यूममध्ये, कपड्यांच्या द्रावणांत असतं. म्हणून युरोपात त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनात ०.००१ टक्क्याहून जास्त लिनालूल असेल तर ते लेबलवर लिहावंच लागतं.

तेल थेट त्वचेवर लावू नका. ज्यांना एक्झिमा आहे त्यांनी तर मुळीच नाही. वासासाठी वापरायचं असेल तर कापसावर दोन थेंब घालून उशीपासून थोडं दूर ठेवा, त्वचेचा संबंधच येत नाही.

---

संशोधनकट्टा | ११ जून, सकाळी ८:१०

डॉक्टर, धन्यवाद. ज्यांच्याकडे कॉलेजची प्रयोगशाळा आहे त्यांच्यासाठी सांगतो, तेल किती बिघडलंय हे साध्या टायट्रेशननेही कळतं. खाद्यतेलाचा खवटपणा मोजतात तीच पेरॉक्साइड चाचणी. तेल अ‍ॅसेटिक आम्ल आणि क्लोरोफॉर्मच्या मिश्रणात विरघळवायचं, पोटॅशियम आयोडाइड घालायचं. पेरॉक्साइड असतील तर आयोडीन सुटून द्रावण पिवळट होतं, स्टार्च घातला की निळं. मग ब्युरेटमधून सोडियम थायोसल्फेट निळा रंग जाईपर्यंत थेंब थेंब सोडायचं. सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना इफ्रा लिनालूलमध्ये लिटरमागे २० मिलिमोलपेक्षा कमी पेरॉक्साइड असावं असं सांगते. त्वचेसंबंधी सगळ्या प्रकल्पांत हा आकडा आधी काढावा असं मला मनापासून वाटतं, कारण बिघडलेल्या तेलावर केलेल्या अँटिऑक्सिडंट चाचणीला काय अर्थ?

---

सायली०७ | ११ जून, सकाळी ११:२५

जुनी बाटली टाकून दिली. डॉक्टरांनी सांगितलेला कापसाचा उपाय करणार आहे, म्हणून नवीन लहान बाटली घ्यायची आहे. घेताना काय बघू? आणि एका ठिकाणी वाचलं की तेलात ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून घातली की ते टिकतं. खरं का?

---

निशिगंध | ११ जून, दुपारी २:०५

बाटलीवर लॅव्हेंड्युला अँगुस्टिफोलिया हे पूर्ण नाव हवं, नुसतं 'लॅव्हेंडर' नको. गडद रंगाची काच हवी. बॅच क्रमांक आणि ऊर्ध्वपातनाचं वर्ष दिलेलं असावं. त्या बॅचचा जीसी अहवाल मागितला तर प्रामाणिक विक्रेता देतो. त्यात तीन ओळी बघ: लिनालूल आणि लिनालिल अ‍ॅसिटेट मी वर दिलेल्या मर्यादेत आहेत का, कापूर अर्ध्या-एक टक्क्याच्या आत आहे का, आणि लॅव्हेंड्युलिल अ‍ॅसिटेटचा उल्लेख आहे का. कापूर पाच-सात टक्के असेल तर ते लॅव्हँडिन. वासाला वाईट नाही, पण खऱ्या लॅव्हेंडरचे पैसे देऊ नकोस. पाच किंवा दहा मिलिलिटरचीच घे, फ्रिजमध्ये ठेव, झाकण घट्ट लाव आणि वर्षभरात संपव. निम्मी झाली की उरलेलं आणखी लहान बाटलीत गळ्यापर्यंत भर.

ई जीवनसत्त्वाचं खरं आहे, उद्योगातही लिनालूलमध्ये ०.१ टक्का टोकोफेरॉल (म्हणजेच ई जीवनसत्त्व) किंवा बीएचटी हे कृत्रिम अँटिऑक्सिडंट घालतात. पण ते ताज्या तेलात, बनवल्याबरोबर. बिघडलेल्या तेलात आधीच तयार झालेले हायड्रोपेरॉक्साइड त्याने जात नाहीत. शिवाय कॅप्सूलमध्ये बहुतेक वेळा टोकोफेरॉल खाद्यतेलात मिसळलेलं असतं आणि पुष्कळदा त्याचं अ‍ॅसिटेट रूप वापरलेलं असतं. त्या रूपात टोकोफेरॉलचा ओएच गटही झाकलेलाच, त्यामुळे बाटलीत ते काही काम करणार नाही. घरी त्या भानगडीत पडू नकोस, लहान बाटली आणि फ्रिज पुरे.